बाहेर धुकं, मांडीवर तवा: थंड हवेतही लॅपटॉप हँग होतो, तेव्हा दोष नेमका कुणाचा?

जुलैमधली दुपार. लोहगड आणि विसापूर, दोन्ही किल्ले ढगांत गुडूप. मळवली स्टेशनवरून भाजे गावाकडे येणाऱ्या रस्त्यावर धबधबा बघायला आलेल्यांची गर्दी. आणि गावातल्या एका घरात, खिडक्या लावून घेतलेल्या खोलीत, समजा कॉलेजची एक विद्यार्थिनी प्रोजेक्ट पूर्ण करत बसली आहे. सबमिशन रात्री बारापर्यंत. पायावर गोधडी, गोधडीवर लॅपटॉप. अचानक माउसचा बाण जागच्या जागी थांबतो. कुठलंही बटण दाबून उपयोग होत नाही. शेवटी पॉवर बटण दाबून धरून लॅपटॉप बंद करायचा, पुन्हा सुरू करायचा. वीस मिनिटांनी पुन्हा तेच.

घरातलं कुणीतरी म्हणतं, "तापला असेल." त्यावर दुसऱ्याचं उत्तर तयार असतं, "एवढ्या गारठ्यात कसला तापतोय? व्हायरस असेल, फॉरमॅट मारून आण."

गारठ्यातही लॅपटॉप तापतो, हे खरं. पण हँग झालेला प्रत्येक लॅपटॉप तापलेला असतो, हे खरं नाही. हे दोन मुद्दे एकमेकांत मिसळले की नको तो खर्च होतो आणि फॉरमॅटच्या नादात फोटो, फायली, प्रोजेक्ट सगळंच जातं.

थंड गावात लॅपटॉप तापतो कसा?

भाजे गावाच्या वर डोंगरात २२ लेण्यांचा समूह आहे. त्यातलं चैत्यगृह इसवी सनाच्या आधीच्या दुसऱ्या शतकातलं. भर मे महिन्यात आत पाऊल टाकलं की गार वाटतं, कारण भोवती अख्खा डोंगर आहे. एवढा कातळ तापायला फार वेळ लागतो आणि दिवसाची उष्णता तो निमूट पोटात घेतो.

लॅपटॉपमधल्या प्रोसेसरची गोष्ट याच्या नेमकी उलटी. नखाएवढी चिप, तिच्यातून पंधरा ते पंचेचाळीस वॉट उष्णता सतत बाहेर पडते, आणि ती साठवायला डोंगर नाही. काम वाढलं की काही सेकंदांत तापमान चाळीसवरून नव्वद अंशांवर जाऊ शकतं. ही उष्णता एका चपट्या तांब्याच्या नळीतून बारीक पात्यांच्या जाळीपर्यंत जाते आणि पंखा ती बाहेर फेकतो. चिप आणि तांबं यांच्यामध्ये एक राखाडी लेप असतो, त्याला थर्मल पेस्ट म्हणतात. ही साखळी एका ठिकाणी जरी तुटली, तरी बाहेर धुकं आहे की ऊन, याने फारसा फरक पडत नाही.

थोडा पडतो, हेही सांगायला हवं. पंखा त्याच वेगाने फिरत असेल आणि काम तेच असेल, तर खोली दहा अंशांनी थंड झाल्यावर चिपही ढोबळमानाने तेवढीच थंड राहते. म्हणजे पुण्यातल्या एप्रिलच्या ३८ अंशांच्या तुलनेत पावसाळ्यातल्या मावळात लॅपटॉपला दहा-बारा अंशांची सवलत मिळते. पण बऱ्याच लॅपटॉपना हवा आत घ्यायची जाळी खालच्या बाजूला असते. गोधडीवर ठेवलं की ती बंद. मिळालेली सवलत तिथेच संपते.

मावळात धुळीचा हिशोबही वेगळा आहे. पावसाच्या तोंडावर इथे भाताची रोपं टाकायच्या जागेवर पालापाचोळा, शेण पसरून राब भाजतात. त्याची राख आणि काजळी हवेत असते. रस्त्याची धूळ वर्षभराची आणि गाद्या-गोधड्यांचे तंतू घरचे. हे सगळं उन्हाळ्यात पंख्याच्या जाळीवर बसतं आणि मग चार महिने ओली हवा. कोरडी धूळ निदान फुंकर मारून उडते. दमट धूळ मात्र नमद्यासारखी चिकटून बसते. त्यामुळे एप्रिलमध्ये बरा चालणारा लॅपटॉप ऑगस्टमध्ये गरम लागू लागला, तर त्यात आश्चर्य नाही.

पण तापलेला लॅपटॉप हँग होतो का?

बहुतेकांचा गोंधळ इथे होतो. आजचे प्रोसेसर स्वतःला भाजू देत नाहीत. बऱ्याच लॅपटॉप चिपसाठी कमाल मर्यादा १०० अंश सेल्सियसच्या आसपास असते. ती जवळ आली की चिप आपणहून वेग कमी करते. याला थ्रॉटलिंग म्हणतात. व्हिडिओ अडखळतो, टाइप केलेली अक्षरं उशिरा उमटतात, पंखा घोंघावतो, पण लॅपटॉप चालू राहतो. त्यानेही भागलं नाही आणि तापमान धोक्याच्या रेषेपलीकडे गेलं, तर लॅपटॉप थेट बंद होतो. स्क्रीन एकदम काळी, कुठलीही सूचना नाही.

थोडक्यात, निव्वळ उष्णतेची लक्षणं दोन: रखडणं किंवा एकदम बंद पडणं. चित्र स्क्रीनवर तसंच गोठून राहणं, स्पीकरमधून एकच आवाज टर्रर्र करत अडकणं, हे प्रोसेसर तापल्याचं नेहमीचं लक्षण नव्हे. तिथे संशय आधी रॅम, डिस्क आणि ड्रायव्हरवर घ्यावा.

याला अपवाद आहेत आणि तेच त्रासदायक. एसएसडीही तापते आणि तापली की मंदावते. तिचा कंट्रोलर आधीच कमजोर असेल तर ती मध्येच उत्तर द्यायची थांबते आणि सगळा लॅपटॉप तिची वाट बघत बसतो. दुसरा अपवाद टाक्यांचा. चिप तापते, थंड होते, पुन्हा तापते. दर वेळी धातू किंचित प्रसरण पावतो आणि आकसतो. वर्षानुवर्षं हे चाललं की चिपखालच्या सूक्ष्म टाक्यांना तडे जाऊ शकतात. २००८ साली एनव्हिडिया कंपनीच्या लॅपटॉपमधल्या काही ग्राफिक्स चिप अशाच, आवेष्टनाचं साहित्य कमजोर निघाल्याने, नेहमीपेक्षा जास्त प्रमाणात बिघडू लागल्या होत्या. दुरुस्ती आणि बदलीसाठी कंपनीला सुमारे १९.६ कोटी डॉलरची तरतूद करावी लागली. तेव्हा उष्णतेला हसण्यावारी नेऊ नये, पण पहिला आरोपीही तिलाच करू नये.

उलट उदाहरणही आहे. २०२२ साली एएमडीच्या काही रायझन प्रोसेसरवाल्या संगणकांवर क्षणभर सगळं थबकायचं. लोक तापमान तपासत होते, विंडोज पुन्हा टाकत होते. मार्च २०२२ मध्ये कंपनीने कारण सांगितलं: सुरक्षेसाठीचं एफटीपीएम नावाचं वैशिष्ट्य मध्येच मदरबोर्डवरच्या मेमरीशी लांबलचक देवाणघेवाण करत होतं. उपाय होता बायोस अपडेट. चारशे रुपयांचं कूलिंग पॅड तिथे काय करणार?

मग हँग होण्याची नेहमीची कारणं कोणती?

स्वस्त लॅपटॉपमध्ये सर्वांत साधं कारण म्हणजे रॅम पुरत नाही. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम लागते, असं मायक्रोसॉफ्ट सांगतं. "किमान" या शब्दाकडे विकत घेताना कुणी बघत नाही. चार जीबीवर व्हिडिओ कॉल, वीस टॅब आणि वर्डची फाइल उघडली की रॅम भरते आणि विंडोज उरलेलं सामान डिस्कवर ठेवू लागतं. डिस्क जुनी, फिरणाऱ्या तबकडीची असेल तर मिनिटभर सगळं ठप्प. हा बिघाड नाही, दाटी आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा. मेमरी नव्वद टक्क्यांच्या वर आणि डिस्क शंभर टक्के दिसत असेल, तर उत्तर मिळालं.

दुसरा आरोपी डिस्क. फाइल उघडताना, सेव्ह करताना किंवा लॅपटॉप सुरू होतानाच अडकत असेल तर संशय इथे घ्या. जुन्या हार्ड डिस्कमधून टकटक ऐकू आली, तर हा लेख बाजूला ठेवा आणि आधी महत्त्वाच्या फायली पेन ड्राइव्हवर किंवा दुसऱ्या डिस्कवर घ्या.

तिसरी रॅम स्वतः. दमट हवेच्या भागात रॅमच्या पट्टीची सोनेरी टोकं आणि खाच यांच्यात संपर्क नीट न होणं हा दुकानदारांच्या चांगलाच ओळखीचा प्रकार आहे. पट्टी काढून तिच्या टोकांवर खोडरबर फिरवायचा आणि परत बसवायची, हा दुकानातला जुना उपाय तुम्ही पाहिला असेल. तो बऱ्याचदा लागू पडतो, मात्र त्यातला अर्धा गुण पट्टी काढून पुन्हा नीट बसवण्याचा असतो. खोडरबरने वरचा पातळ मुलामा झिजतो आणि कण खाचेत पडतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापड हा त्याहून बरा मार्ग. बऱ्याच नव्या पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डलाच जोडलेली असते, तिथे हा प्रश्नच येत नाही.

चौथं कारण ड्रायव्हर, विशेषतः ग्राफिक्सचा. मोठ्या अपडेटनंतर दुसऱ्याच दिवशी त्रास सुरू झाला असेल, तर स्क्रू-ड्रायव्हर हातात घेण्याआधी तो अपडेट तपासा.

घरच्या घरी कसं ओळखायचं?

पहिली पायरी वही. गंमत वाटेल, पण दोन-तीन दिवसांची नोंद कुठल्याही ॲपपेक्षा जास्त सांगते. किती वाजता हँग झाला, सुरू करून किती वेळ झाला होता, चार्जर लावला होता का, काय चाललं होतं, पंखा ओरडत होता का, तळ हात लावण्याइतका होता का. दर वेळी कॉल सुरू झाल्यावर अर्ध्या तासाने अडकत असेल, तर उष्णतेकडे बोट जातं. सकाळी थंडगार लॅपटॉप सुरू करून पाच मिनिटांत अडकत असेल, तर उष्णता सुटली. फक्त चार्जरवर असताना होत असेल, तर प्रश्न विजेचा. उचलून दुसरीकडे ठेवताना होत असेल, तर आत काहीतरी सैल आहे.

हँग झाला त्या क्षणी एक गोष्ट करून बघा: कॅप्स लॉक दाबा. त्याचा दिवा लागत-विझत असेल, तर यंत्र आतून जिवंत आहे आणि बहुधा फक्त स्क्रीन किंवा एखादा प्रोग्रॅम अडकला आहे. मग विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही बटणं एकदम दाबा. ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. स्क्रीन क्षणभर लुकलुकते आणि पुष्कळदा काम वाचतं. दिवा हललाच नाही, तर सगळंच थांबलं आहे.

मग तापमान. टास्क मॅनेजरमध्ये वेगळ्या ग्राफिक्स कार्डचं तापमान दिसतं, पण प्रोसेसरचं नाही. त्यासाठी एचडब्ल्यूइन्फोसारखं मोफत सॉफ्टवेअर लागतं. ते चालू ठेवून नेहमीचं काम करा. काम करताना आकडा ७०-८५ दिसला तर घाबरू नका, लॅपटॉपसाठी ते सामान्य आहे. काहीच काम नसताना सत्तरच्या वर, किंवा साध्या व्हिडिओलाही सतत ९५च्या पुढे असेल, तर साफसफाईची वेळ आली. आणि हँग झाला तेव्हा आकडा साठच दिसत होता, तर घरातल्या पहिल्या माणसाचा तर्क तिथेच बाद.

यानंतरचा प्रयोग फुकटचा आहे. लॅपटॉप टणक टेबलावर ठेवा, मागची कड दोन पुस्तकांवर टेकवा; जाळी मात्र झाकू नका. पॉवर सेटिंगमध्ये "बेस्ट पॉवर एफिशियन्सी" निवडा, म्हणजे प्रोसेसर जोर कमी लावेल. दोन दिवस असाच वापरा. हँग होणं थांबलं, तर कारण उष्णतेच्या किंवा विजेच्या बाजूला आहे. काहीच फरक नाही, तर पंखा साफ करून घेण्याचे पैसे तूर्त वाचवा. एका वेळी एकच गोष्ट बदला. पुस्तकं, अपडेट आणि अँटिव्हायरस एकाच दुपारी केलं तर बरं वाटूनही कशाने वाटलं, ते कळत नाही.

विंडोजचा दोष की यंत्राचा, हे ओळखायचा सोपा मार्ग म्हणजे लॅपटॉप बायोसच्या स्क्रीनवर तासभर तसाच सोडणं. तिथे विंडोज सुरूच झालेलं नसतं. तिथेही हँग झाला, तर शंभर वेळा फॉरमॅट मारून उपयोग नाही. थोडं तांत्रिक जमत असेल, तर पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवून बघा. ही कसोटी जास्त कडक. रॅमसाठी विंडोजमध्येच "मेमरी डायग्नॉस्टिक" आहे, डिस्कची तब्येत क्रिस्टलडिस्कइन्फो दाखवतं.

विंडोजच्या सर्चमध्ये "रिलायबिलिटी" टाइप केलं की तारखेवार नोंदींचा आलेख उघडतो. इव्हेंट व्ह्युअरमध्ये त्याहून तपशील असतो आणि तिथे "कर्नल-पॉवर ४१" ही लाल नोंद बघून अनेकांचं धाबं दणाणतं. तिचा अर्थ एवढाच की मागच्या वेळी संगणक नीट बंद झाला नव्हता. तुम्ही स्वतः पॉवर बटण दाबून धरलं, तरी तीच नोंद पडते. खरं लक्ष द्यायचं ते तिच्या आधीच्या नोंदींकडे. तिथे "डिस्क"च्या नावाने ७ किंवा १५३ क्रमांक वारंवार दिसले तर डिस्क, "डब्ल्यूएचईए-लॉगर" दिसलं तर एखादा सुटा भाग किंवा प्रोसेसरच तक्रार करतो आहे.

वीज, चार्जर आणि तो झिणझिण्यांचा प्रश्न

पावसाळ्यात वीज जाते-येते, दाब खालीवर होतो. लॅपटॉपच्या बहुतेक चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट असं छापलेलं असतं, म्हणजे दाब थोडा कमी झाला तरी चार्जर तो सांभाळून घेतो. त्रास देतो तो अचानक येणारा झटका आणि सैल सॉकेट. चार्जरच्या तीन पिनांपैकी अर्थिंगची जाड पिन मोडून किंवा दोन पिनांचा अडॅप्टर लावून काम चालवलं, की धातूच्या कडेला हात लावल्यावर झिणझिण्या येतात आणि टचपॅडवरचा बाण वेड्यासारखा उड्या मारतो किंवा हलतच नाही. लोक याला हँग म्हणतात. चार्जर काढा, बाण ताळ्यावर आला तर दोष लॅपटॉपचा नाही, घरातल्या अर्थिंगचा आहे. त्याला इलेक्ट्रिशियन लागतो, लॅपटॉप दुरुस्तीवाला नाही.

मुंबईहून शनिवार-रविवार येणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. एक्सप्रेस वेवर दोन तास गाडीच्या एसीत गारठलेला लॅपटॉप मळवलीजवळच्या दमट खोलीत आल्या आल्या उघडू नका. थंड धातूवर बाष्प धरतं, जसं गार पाण्याच्या तांब्यावर धरतं. ॲपल आपल्या मॅकबुकसाठी ९० टक्क्यांपर्यंत आर्द्रता चालेल असं लिहितं, पण अट अशी की पाणी साचता कामा नये. अर्धा-पाऊण तास बॅगेतच राहू द्या. आणि तापलेला लॅपटॉप फ्रिजमध्ये ठेवायचा व्हायरल सल्ला याच कारणाने टाळा. भिजलेला लॅपटॉप तांदळात पुरायचा सल्लाही तसाच. इंद्रायणी तांदूळ ताटात शोभतो, पंख्यात त्याचा भुगा नको.

कधी हात लावू नये?

टचपॅड वर उचललेलं दिसतं, की-बोर्ड मधून फुगीर वाटतो, झाकण नीट बसत नाही: बॅटरी फुगली आहे. इथे तपासणी संपली. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, बॅटरी दाबू नका, टोचू तर मुळीच नका. टोचलेली लिथियम बॅटरी पेट घेऊ शकते. २००६ साली डेलने सोनीच्या बनावटीच्या तब्बल ४१ लाख बॅटऱ्या परत मागवल्या होत्या, त्या याच आगीच्या भीतीने.

बाकी साफसफाई घरी करायची असेल, तर हवेचा फवारा मारताना पंखा काडीने अडवून धरा, नाहीतर तो नको तेवढ्या वेगाने फिरून बेअरिंग जातं. घरचा व्हॅक्युम क्लीनर आत घालू नका, स्थिर विजेचा धोका असतो. थर्मल पेस्ट तीन-चार वर्षांनी वाळलेली असू शकते. ती बदलणं स्वस्त आहे, पण हात नवा असेल तर दुकानातच करून घ्या.

दुकानात जाताना

लोणावळा, तळेगाव किंवा पुणे, कुठेही जा, आधी फायलींची प्रत काढा. मग ती नोंदवही आणि तापमानाचे स्क्रीनशॉट सोबत न्या. "कधीकधी हँग होतो" एवढंच ऐकलं की दुकानदाराकडे फॉरमॅट किंवा "मदरबोर्ड गेला" हे दोनच पर्याय उरतात, आणि त्यात त्याचाही फार दोष नाही; काउंटरवर दहा मिनिटांत लॅपटॉप हँग होतोच असं नाही. "बायोसमध्येही अडकतो, तापमान साठ, मेमरी चाचणीत चूक दाखवतो" असं सांगितलं तर बोलणं थेट रॅमवर येतं. काय बदलणार ते कागदावर लिहून घ्या आणि काढलेला जुना भाग परत मागा.

वॉरंटी शिल्लक असेल तर मागचं झाकण उघडण्याआधी कंपनीच्या अटी वाचा. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या "राइट टू रिपेअर" पोर्टलवर सहभागी कंपन्यांची दुरुस्तीची माहिती एकत्र मिळते. तक्रार करायचीच वेळ आली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.